बाटलीवरची नावं वाचायला शिका: एचआयव्हीची गोळी आत जाऊन नक्की काय करते

गेल्या पावसात एक काकी दुकानात आल्या, दुपारी, बाजार शांत असतो त्या वेळेला. आत-बाहेर कोण नाही बघितलं, पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली पांढरी बाटली काढली आणि हळूच विचारलं, "बाय, ही गोळी तो किडा मारता ना गो?" मुलगा चार महिने बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून ही गोळी आणत होता, रोज न चुकता घेत होता, पण ती आत जाऊन काय करते ते घरात कोणालाच नीट माहीत नव्हतं, त्यालासुद्धा नाही. मी फार्मसिस्ट आहे, गोव्यात डिचोलीत औषधाच्या दुकानात बसते. काकींना आत स्टुलावर बसवलं आणि आमचं तासभर बोलणं झालं. त्या दिवशी जे सांगितलं तेच इथे लिहितेय, थोडं आणखी खोलात जाऊन, कारण असा प्रश्न मनात असलेली माणसं खूप आहेत आणि दुकानात येऊन विचारायचं धाडस सगळ्यांना होत नाही.

तर काकींच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मारत नाही. ही गोळी व्हायरसला नवीन घर करू देत नाही, एवढंच करते. पण हे एवढंच नीट डोक्यात बसलं की रोज का घ्यायची, वेळेवर का, तीन-तीन औषधं का, बरं वाटलं तरी बंद का नाही करायची, या सगळ्याची उत्तरं तुम्ही स्वतःच देऊ शकाल, कोणी पाठ करून घ्यायची गरज राहणार नाही.

पहिलं काम, बाटली हातात घ्या आणि नावं वाचा. आजकाल सरकारी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरवर, बहुतेक मोठ्या माणसांना जी एक गोळी मिळते तिच्यावर तीन नावं असतात: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम, डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम. सेंटरवर हिला नुसतं टीएलडी म्हणतात. काहींच्या बाटलीवर टेनोफोव्हिरच्या जागी झिडोव्हुडिन किंवा अबाकाव्हिर असेल, किडनीचा त्रास असला किंवा जुन्या औषधाचा उपयोग होईनासा झाला की असं बदलतात. यातली टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, झिडोव्हुडिन, अबाकाव्हिर ही सगळी एकाच घराण्यातली, त्यांना न्यूक्लिओसाइड प्रकारची औषधं म्हणतात. डोल्युटेग्राव्हिर वेगळ्या घराण्यातलं, त्याच्याकडे नंतर येते.

आता फाती कशी विणतात ते आठवा

अबोलीची फाती, म्हणजे फुलांचा गजरा, विणताना बघितलीय ना, देवळाबाहेर बायका बसलेल्या असतात आणि बोटं अशी चालतात की बघतच राहावं. एका फुलाचा देठ, त्याला पुढच्या फुलाचा देठ गुंतवायचा, त्याला त्याच्या पुढचा. फूल कितीही सुंदर असो, देठ नसेल तर त्याच्यापुढे काही गुंतवता येत नाही, फाती तिथेच थांबते. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा कारण अख्खी गोष्ट यातच आहे.

एचआयव्हीकडे स्वतःची माहिती आरएनएच्या रूपात असते, साधारण ९,७०० अक्षरांची एक लांब ओळ. आपल्या पेशींची माहिती असते डीएनएत. व्हायरसला आपल्या पेशीत कायमचं बसायचं तर आधी आपला आरएनए बघून त्याची डीएनएत नक्कल करावी लागते. हे काम करणारं एन्झाइम, म्हणजे अशी कामं घडवून आणणारं प्रथिन, तो बरोबरच घेऊन येतो, त्याचं नाव रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. रिव्हर्स म्हणजे उलटं, कारण डीएनएवरून आरएनए बनतो ही नेहमीची रीत आणि हा उलट्या दिशेने जातो. हे एन्झाइम १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर या दोघांनी आपापल्या लॅबमध्ये वेगवेगळं शोधून काढलं, १९७५ मध्ये त्याला नोबेल मिळालं. एचआयव्ही सापडला त्याच्यानंतर, १९८३ मध्ये, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. म्हणजे व्हायरस सापडायच्या तेरा वर्षं आधीच त्याचं मर्म माणसाला कळलेलं होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, त्या वेळी या संशोधनाचा एचआयव्हीशी काय संबंध हे कोणाला माहीत असणं शक्यच नव्हतं.

तर हे एन्झाइम म्हणजे फाती विणणारा हात. फुलं चार प्रकारची: एडिनीन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन वाली. प्रत्येक फुलात एक साखरेचा भाग असतो आणि त्या साखरेच्या ठरलेल्या जागी, रसायनशास्त्रात तिला तीन नंबरची जागा म्हणतात, ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक छोटी जोडी असते. तोच देठ. पुढचं फूल त्या देठाला जोडलं जातं.

न्यूक्लिओसाइड प्रकारचं औषध म्हणजे देठ नसलेलं फूल. दिसायला हुबेहूब, विणणारा हात फसतो, उचलतो, मागच्या देठाला जोडतो, आणि पुढचं जोडायला जातो तर देठच नाही. तिथे काम बंद. अर्धवट फातीचा व्हायरसला काही उपयोग नाही, पेशी ती मोडून टाकते.

प्रत्येक औषधाने देठ वेगळ्या पद्धतीने काढून टाकलाय. झिडोव्हुडिनमध्ये देठाच्या जागी नायट्रोजनच्या तीन अणूंचा गुच्छ बसवलाय. लॅमिव्हुडिनमध्ये साखरेच्या त्या जागी कार्बनऐवजी गंधक आहे, म्हणजे देठ फुटायला जागाच नाही. टेनोफोव्हिरमध्ये तर साखरेचं कडंच नाही, नुसती सरळ साखळी. आणि कोण कोणाची नक्कल करतं तेही ठरलेलं आहे, टेनोफोव्हिर एडिनीनची, झिडोव्हुडिन थायमिनची, अबाकाव्हिर ग्वानिनची, लॅमिव्हुडिन आणि त्याचं भावंड एमट्रिसिटाबिन सायटोसिनची. याच्यावरून बाटली वाचायची एक युक्ती सांगते, एकाच अक्षराची नक्कल करणारी दोन औषधं एका माणसाला देत नाहीत. लॅमिव्हुडिन आणि एमट्रिसिटाबिन एकत्र घेऊन काही जास्त मिळत नाही, आणि पूर्वी झिडोव्हुडिन व स्टॅव्हुडिन, दोन्ही थायमिनच्या नकला, एकत्र देऊन बघितली तर ती एकमेकांच्याच आड आली. बाहेरच्या डॉक्टरकडून किंवा जुन्या साठ्यातून दोन बाटल्या घरात जमल्या असतील तर दोन्ही घेऊन सेंटरवर जा, स्वतः जोडाजोडी करू नका.

गोळीत असतं ते कच्चं औषध

हा भाग लोकांना कोणी सांगतच नाही आणि मला वाटतं हाच सगळ्यात कामाचा आहे. लॅमिव्हुडिन पोटातून रक्तात जातं, रक्तातून पेशीत जातं, पण तिथे पोचल्यावरही ते तयार नसतं. आपल्या पेशीतली एन्झाइम त्याला फॉस्फेटचा एक तुकडा जोडतात, मग दुसरा, मग तिसरा. तीन जोडले गेले की मगच ते व्हायरसच्या हाताला खरं फूल वाटतं. काजूच्या रसाचा भट्टीवर आधी हुर्राक निघतो आणि मग फेणी, तसं टप्प्याटप्प्याने. टेनोफोव्हिरला एक तुकडा कारखान्यातच जोडून दिलेला असतो त्यामुळे पेशीत दोनच जोडावे लागतात, म्हणून काटेकोर बोलायचं तर ते न्यूक्लिओसाइड नाही, न्यूक्लिओटाइड. पण त्या जोडलेल्या तुकड्यामुळे ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही, म्हणून त्याच्यावर आणखी एक आवरण चढवलेलं असतं, बाटलीवर टेनोफोव्हिरच्या पुढे डिसोप्रॉक्सिल असं जे लांबलचक नाव दिसतं ते त्या आवरणाचं. आत गेल्यावर आवरण गळून पडतं.

म्हणजे खरं औषध तुमच्याच पेशीत तयार होतं. आणि तिथे ते किती वेळ टिकतं यावर दिवसातून किती वेळा गोळी घ्यायची ते ठरतं. झिडोव्हुडिनचं तयार रूप पेशीत काही तासच टिकतं, म्हणून ते दिवसातून दोनदा. लॅमिव्हुडिनचं अर्धं व्हायला साधारण सोळा ते एकोणीस तास लागतात. टेनोफोव्हिरचं तर काही दिवस रेंगाळतं. म्हणून टीएलडी दिवसातून एकदा चालते. १९८७ मध्ये झिडोव्हुडिन, तेव्हा सगळे त्याला एझेडटी म्हणायचे, पहिल्यांदा बाजारात आलं तेव्हा लोकांना ते दर चार तासांनी घ्यायला लागायचं, रात्रीसुद्धा गजर लावून उठायचं, आणि खर्च वर्षाला आठ-दहा हजार डॉलर. आज जेवण झाल्यावर एक गोळी आणि पाण्याचा घोट, आणि तीही फुकट.

एझेडटीचा जन्मही सांगण्यासारखा आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत डेट्रॉईटला जेरोम हॉर्विट्झ यांनी ते कॅन्सरसाठी बनवलं होतं, कल्पना हीच, बनावट फूल देऊन वाढ थांबवायची. कॅन्सरवर चाललं नाही. बाजूला पडून राहिलं वीस वर्षं. १९८५ मध्ये लॅबमध्ये एचआयव्हीवर करून बघितलं तर व्हायरस थांबला, आणि दोन वर्षांत, मार्च १९८७ मध्ये, अमेरिकेत परवानगी मिळाली.

मग आपल्या पेशी का थांबत नाहीत?

काकींनी हा प्रश्न विचारला आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले, कॉलेजात आम्हाला हाच प्रश्न परीक्षेला असायचा. आपल्या पेशीही डीएनए विणतातच की. पण आपला विणणारा हात चोखंदळ आहे, फूल बघून घेतो, चुकीचं लागलं तर मागे येऊन काढून टाकतो. व्हायरसचा हात घाईगर्दीचा, मागे वळून बघत नाही. त्या घाईचाच औषधाने फायदा घेतलाय.

मात्र आपल्याकडे एक हात असा आहे जो थोडा फसतो. पेशीतली ऊर्जा तयार करणारी जी मायटोकॉन्ड्रिया असतात त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि तो विणणारा हात वेगळा आहे. जुन्या औषधांनी, खास करून स्टॅव्हुडिन आणि डिडॅनोसिनने, तिथे नुकसान केलं. गालांची चरबी जाऊन चेहरा आत गेलेला, पायांची सतत आग, जुन्या पेशंटांना बघितलं असेल तर आठवत असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्टॅव्हुडिन हळूहळू बंद करा असं सांगितलं. झिडोव्हुडिनने रक्त कमी होऊ शकतं म्हणून ते चालू केल्यावर हिमोग्लोबिन बघतात, नखं काळसर पडतात तीही त्यानेच, घाबरू नका. अबाकाव्हिर चालू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, धाप असं एकत्र काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, आणि त्यांनी अ‍ॅलर्जी म्हणून ते बंद केलं तर आयुष्यात पुन्हा कधीच घ्यायचं नाही, दुसऱ्यांदा घेतलं तर जिवावर बेततं. लॅमिव्हुडिन या सगळ्यांत सगळ्यात साधं आणि गरीब. टेनोफोव्हिर किडनीवर आणि थोडं हाडांवर येऊ शकतं, म्हणून क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी नीट चालते का बघणारी रक्ताची, तपासणी सांगितली की करून घ्या, आणि इथे माझी कळकळीची विनंती, अंगदुखीला डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी आमच्यासारख्या दुकानातून विचारल्याशिवाय रोज-रोज घेऊ नका. खाणीवर, ट्रकवर, बांधकामावर काम करणारी माणसं कंबर दुखली की पट्टीच्या पट्टी घेऊन जातात. टेनोफोव्हिर चालू असताना दोन्ही मिळून किडनीवर भार येतो. पॅरासिटामॉल मागा.

बरं वाटलं तरी बंद का नाही करायची

फाती विणून पूर्ण झाली की व्हायरस ती आपल्या पेशीच्या डीएनएत नेऊन खोवतो. डोल्युटेग्राव्हिर ही खोवण्याची पायरी अडवतं, म्हणून ते वेगळ्या घराण्यातलं म्हटलं. पण गोळी चालू करायच्या आधीच ज्या पेशींत फाती खोवली गेलीय तिथे कोणतंच औषध पोचून ती उपटून काढू शकत नाही. त्यातल्या काही पेशी, सीडीफोर पेशींतल्याच (रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, व्हायरस यांच्यातच शिरतो) जुनी आठवण ठेवणाऱ्या, वर्षानुवर्षं झोपून राहतात. शास्त्रज्ञांनी मोजलंय, हा झोपलेला साठा औषध चालू असताना अर्धा व्हायलाच सरासरी ४४ महिने लागतात, म्हणजे संपायला सत्तर वर्षांच्या वर. गोळी बंद केली की यातली एखादी जागी होते, नवीन व्हायरस सोडते, आणि समोर बनावट फुलं नसतात. काही आठवड्यांत सगळं परत पहिल्यासारखं.

आणि एक दिवसाआड, आठवड्यातून चारदा, असं घेतलं तर? ते बंद करण्यापेक्षाही वाईट होऊ शकतं. उपचार नसलेल्या माणसाच्या अंगात रोज साधारण एक हजार कोटी नवे व्हायरस तयार होतात, आणि विणणारा हात घाईचा असल्यामुळे चुका करतच असतो. त्या चुकांमध्ये कधीतरी अशी एक चूक होते की व्हायरसचा हात बनावट फूल ओळखायला लागतो. लॅमिव्हुडिनच्या बाबतीत ती जागा सुद्धा माहीत आहे, त्या एन्झाइममधलं १८४ नंबरचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी, मेथिओनिनच्या जागी व्हॅलिन आलं की लॅमिव्हुडिन त्या हातात बसतच नाही. एवढा एकच बदल पुरतो. झिडोव्हुडिनच्या बाबतीत व्हायरस दुसरं शिकतो, लागलेलं बनावट फूल परत उपसून काढायला. गोळी पूर्ण असेल तर विणकामच होत नाही, म्हणून चुकाही होत नाहीत. गोळी अर्धवट असेल तर विणकामही चालू आणि औषधही समोर, म्हणजे व्हायरसला शिकवणी लावल्यासारखंच झालं.

म्हणून तीन औषधं. एक बदल रोज कुठेतरी होतच असतो, पण तिन्हींना एकाच वेळी चकवणारे सगळे बदल एकाच व्हायरसमध्ये आपसूक जमून येणं जवळजवळ अशक्य. १९८७ ते १९९५ हे कोणाला पुरतं कळलं नव्हतं किंवा कळलं तरी हातात औषधं नव्हती. नोव्हेंबर १९९५ मध्ये लॅमिव्हुडिनला परवानगी मिळाली, आणि १९९६ पासून तीन औषधं एकत्र द्यायला लागले तेव्हा एड्सने मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने खाली आली.

इथे मला डॉमिनिक डिसोझाबद्दल लिहायलाच हवं. पर्राचा मुलगा, रक्तदान करायचा. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्याला घेऊन गेले, गोव्याच्या तेव्हाच्या पब्लिक हेल्थ कायद्याखाली, आणि ६४ दिवस जुन्या टीबी इस्पितळात एकट्याला पहाऱ्यात ठेवलं. आईने, लुसी डिसोझांनी, हायकोर्टात केस घातली. तो सुटला, मग नोकरी सुटली, आणि १९९२ मध्ये त्याने पॉझिटिव्ह पीपल ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात गेला. १९९२ आणि १९९६. चार वर्षं. तुमच्या बाटलीवर लॅमिव्हुडिन हे नाव वाचताना मला प्रत्येक वेळी ही चार वर्षं आठवतात आणि घसा दाटतो. आज कायदा दुसरा आहे, २०१७ चा एचआयव्ही कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, तुमच्या परवानगीशिवाय तुमची स्थिती कोणी कोणाला सांगू शकत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढू शकत नाही.

आणि गोळी फुकट कशी झाली तेही थोडक्यात. २००१ मध्ये सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीन औषधं एकत्र, स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन, वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ असं जाहीर केलं, तेव्हा परदेशी कंपन्यांचा भाव दहा-पंधरा हजार होता. जगाचा भावच कोसळला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने फुकट द्यायला सुरुवात केली. वेर्ण्याला जाताना सिप्लाचा बोर्ड दिसतो ना, मला दर वेळी हेच आठवतं.

आता रोजचं

वेळ एक ठरवा आणि ती तुमच्या कुठल्यातरी सवयीला बांधा. काकींच्या मुलाने रात्रीच्या जेवणाला बांधलीय. झोप उडते असं वाटलं तर सकाळी घ्या, डोल्युटेग्राव्हिरने काहींना होतं. जेवणाबरोबर किंवा रिकाम्या पोटी दोन्ही चालतं, म्हणून श्रावणातला सोमवार असो की लईराई देवीच्या जत्रेला धोंडांचे, म्हणजे तिच्या व्रत धरणाऱ्या भक्तांचे, उपास असोत, गोळीला सुट्टी नाही, पाण्याबरोबर घ्यायची. देवी रागावणार नाही, मी खात्रीने सांगते.

विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आलेली असेल, चारेक तासांच्या आत, तर ती सोडा आणि पुढची वेळेवर घ्या, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. एखादी चुकली म्हणून रात्रभर रडत बसू नका, टेनोफोव्हिर पेशीत शिल्लक असतं म्हणून एका दिवसाने लगेच काही बिघडत नाही. बिघडतं ते चुकण्याची सवय लागली की. चवथीला घर माणसांनी भरलेलं असतं, गोळी काढायची कुठे, बघेल कोण, म्हणून चार-पाच दिवस जातात, हे मी खूप ऐकलंय. आधीच ठरवून ठेवा, बाटलीतल्या दोन-चार गोळ्या साध्या डबीत, खिशात. पण बाकीच्या मूळ बाटलीतच आणि आतली ती छोटी पुडी फेकू नका, आपल्या पावसात दमट हवेने कुळथाच्या डब्यालासुद्धा बुरशी येते तिथे गोळीचं काय.

चवथीला नेवऱ्या आणि तळलेलं खाऊन पोटात जळजळलं की आपण अँटासिड घेतो. अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम असलेलं अँटासिड डोल्युटेग्राव्हिरला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. म्हणून गोळी आधी घ्या आणि अँटासिड दोन तासांनी, किंवा अँटासिड आधी घेतलं असेल तर सहा तास थांबा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, पण त्या जेवणाबरोबर टीएलडीच्याच वेळी घेतल्या तर चालतं. गरोदर बायकांनी हे लक्षात ठेवा कारण तुम्हाला त्या दोन्ही देतातच. आणि गरोदरपणात गोळी बंद करायची नाही, उलट ती बाळासाठीच आहे. १९९४ मध्ये एकट्या झिडोव्हुडिनने बाळाला लागण होण्याचं प्रमाण १०० मध्ये साधारण पंचवीसवरून आठवर आणलं होतं, आता तीन औषधांनी तर त्याहून खूप खाली जातं.

डायबेटीसची मेटफॉर्मिन चालू असेल तर सेंटरवर सांगा, डोल्युटेग्राव्हिरबरोबर तिचा डोस मर्यादेत ठेवतात. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू झालं तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा करतात, दुसरी वेगळी छोटी गोळी देतात, टीबीच्या डॉक्टरला आणि एआरटीच्या डॉक्टरला दोघांनाही दोन्ही सांगा, लपवू नका.

एक गोष्ट जवळजवळ कोणाला माहीत नसते. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही हिपॅटायटीस बी वरही काम करतात, कारण तोही व्हायरस त्याच उलट्या पद्धतीने फाती विणतो. ज्यांना दोन्ही आहे त्यांनी गोळी अचानक बंद केली तर एचआयव्ही राहिला बाजूला, आधी लिव्हर भडकू शकतं. त्यामुळे आपल्याला हिपॅटायटीस बी आहे की नाही हे तपासून घ्या आणि आपल्या कार्डावर लिहून घ्या.

गोळी काम करतेय की नाही हे अंगाला कळत नाही, व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्या तपासणीवरून, कळतं. चालू केल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. रक्तात व्हायरस मोजण्याइतकाही सापडत नाही असं झालं आणि तसंच टिकलं तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे कोणाचं मन राखायला सांगत नाही, युरोपात हजारभराहून जास्त जोडप्यांवर वर्षानुवर्षं बघितलंय, अशा पॉझिटिव्ह जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. काकींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा डोळे पुसले, कारण त्यांच्या मनात लग्नाचा प्रश्न होता आणि तो त्या विचारतच नव्हत्या. ताटं वेगळी ठेवायची का हा पण होता. नाही काकी, ताटं कधीच वेगळी ठेवायची नसतात, गोळी असो नसो, जेवणातून हा जात नाही.

ज्यांना अजून तपासणीच केलेली नाही त्यांनी सरकारी इस्पितळातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रात, जा, तपासणी फुकट आणि गुप्त. गोळ्यांचं सेंटर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, आहे आणि दक्षिणेकडच्यांना मडगावला. फोनवर विचारायचं असेल तर १०९७, पैसे पडत नाहीत. आणि काही धोका घडून गेलाय, सुई टोचली, जबरदस्ती झाली, तर वाट बघू नका, ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत पोचा, २८ दिवस याच औषधांचा कोर्स देतात, व्हायरसने पहिली फाती विणून खोवायच्या आधीच बनावट फुलं पोचवायची असतात.

बोटीवर कामाला जाणाऱ्या मुलांसाठी शेवटचं. कॉन्ट्रॅक्ट सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचं असतं, शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नका, दोन महिने आधी सेंटरवर जाऊन तारखा सांगा, तब्येत स्थिर असेल तर एका वेळी जास्त महिन्यांच्या गोळ्या द्यायची सोय आहे. गोळ्या मूळ बाटलीत, हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात नाही. बरोबर डॉक्टरची चिठ्ठी ठेवा, तिच्यावर औषधांची नावं असली की पुरे, आजाराचं नाव लिहायलाच हवं असं नाही. आणि घड्याळ बदलतं तेव्हा गोंधळू नका, साधारण चोवीस तासांनी पुढची गोळी एवढंच धरायचं, मग तिथल्या रात्रीच्या जेवणाला हळूहळू बांधून घ्या. काकींचा मुलगा पुढच्या महिन्यात निघतोय, त्याला हेच कागदावर लिहून दिलंय.